एका कल्पित साम्राज्याचे भवितव्य

आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने ६ मे २००३ रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा एक खेळ सुरू केला. संगणकावर खेळावयाचे खेळ त्यापूर्वीही पुष्कळ होते आणि त्यानंतर तर त्यांचे पेवच फुटले. त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य एखाद्या चित्रपटाएवढेच असते. काही महिने गर्दी उसळते, मग ती ओसरते आणि खेळ विस्मृतीत जातो. ‘ईव्ह’ची गोष्ट निराळी आहे. विशीत असताना ज्यांनी त्यात पाऊल टाकले ते आज चाळिशी ओलांडून गेले, तरी हा खेळ चालूच आहे. एवढेच नव्हे, तर तो आपल्या पश्चातही चालावा, किंबहुना कायमचा चालावा, अशी भाषा त्याचे चालक उघडपणे बोलत आले आहेत.

एखाद्या खाजगी कंपनीने काढलेली वस्तू कायमची टिकू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. परंतु या खेळात चलनफुगवटा आहे, करआकारणी आहे, मक्तेदारी आहे, लोकप्रतिनिधी आहेत आणि मालमत्तेच्या हक्काचा न सुटलेला वादही आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जे सिद्धांत आकृत्यांनी समजावून द्यावे लागतात, ते येथे हजारो हाडामांसाच्या माणसांच्या वागणुकीतून रोज प्रत्ययास येतात. म्हणूनच या वृद्ध होत चाललेल्या खेळाच्या भवितव्याचा विचार खेळाडूंपुरता मर्यादित राहत नाही. लोक वर्षानुवर्षे जेथे श्रम ओततात, पण ज्याची मालकी त्यांच्याकडे कधीच येत नाही, अशा प्रत्येक व्यवस्थेला तो लागू पडतो.

न संपणारा खेळ

बुद्धिबळाचा डाव संपतो, क्रिकेटचा सामना संपतो. ‘ईव्ह’ला शेवटच नाही. ‘न्यू ईडन’ नावाच्या एका कल्पित विश्वात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत आणि त्यांत खेळाडू आपापली अंतराळयाने घेऊन वावरतात. खेळाडूने घरचा संगणक बंद केला तरी ते विश्व थांबत नाही. त्याच्या गैरहजेरीत भाव चढतात, उतरतात, लढाया होतात, राज्ये बुडतात. चीनमधील स्वतंत्र व्यवस्था वगळली, तर जगभरातील सर्व खेळाडू एकाच विश्वात राहतात. अन्य खेळांत गर्दी वाटून देण्यासाठी एकाच जगाच्या अनेक प्रती चालवितात. येथे तसे नसल्याने इतिहासही एकच घडतो.

या विश्वातील जवळजवळ प्रत्येक वस्तू खेळाडूंनीच बनविलेली असते. कोणी लघुग्रह खणून खनिज काढतो, कोणी त्याची वाहतूक करतो, कोणी कारखान्यात यान बांधतो, तर कोणी ‘जिता’ नावाच्या पेठेत नेऊन ते विकतो. चाचेगिरी, हेरगिरी, विश्वासघात यांनाही नियमांत मज्जाव नाही. हजारो खेळाडूंच्या आघाड्या प्रदेश व्यापतात, तह करतात आणि मोडतात. या आघाड्यांचे खजिनदार, वकील आणि परराष्ट्रमंत्री असतात, आणि त्यांपैकी कित्येकांचा वेळ लढण्यापेक्षा हिशेबाचे तक्ते भरण्यातच अधिक जातो.

खेळातील चलनाचे नाव ‘इस्क’. आइसलंडच्या खऱ्या क्रोना चलनाचे आंतरराष्ट्रीय संक्षिप्त रूपही तेच आहे. २००७ मध्ये सीसीपीने एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. खेळातील भाव, चलनपुरवठा व उत्पादन यांचे अहवाल मध्यवर्ती बँकेच्या थाटात प्रसिद्ध करणे, हे त्यांचे काम. पुढच्याच वर्षी खुद्द आइसलंडच्या बँका कोसळल्या आणि खरा क्रोना गडगडला. खेळातला इस्क मात्र त्या धक्क्यापासून अलिप्त राहिला, हा योगायोग मोठा बोलका होता. गुडमुंडसन २०१४ मध्ये कंपनी सोडून आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कल्पित विश्वाच्या अर्थकारणाचा अभ्यास हा विद्वानांनी नाक मुरडण्याचा विषय राहिला नाही, याचे हे एक गमक मानावयास हरकत नाही.

विनाशावर चालणारा उद्योग

२७ व २८ जानेवारी २०१४ रोजी ‘बी-आर५आरबी’ या सूर्यमालेत झालेली लढाई जगभरच्या वृत्तपत्रांनी छापली. तिचे कारण ऐकून कोणाही कारकुनास हसू येईल. एका आघाडीकडून त्या प्रदेशावरील ताब्याचे ठराविक देणे भरावयाचे राहून गेले, ताबा सुटला, आणि शत्रूने संधी साधली. सुमारे एकवीस तास चाललेल्या या संघर्षात साडेसात हजारांहून अधिक खेळाडू सामील झाले आणि ‘टायटन’ जातीची ७५ प्रचंड याने नष्ट झाली. अशा एकेका यानाच्या बांधणीमागे अनेक खेळाडूंचे कित्येक महिन्यांचे श्रम असतात. झालेल्या हानीची किंमत खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या घरात धरण्यात आली.

बाहेरच्यास हा निव्वळ अपव्यय वाटेल. परंतु या अर्थव्यवस्थेचा आधारच विनाश हा आहे. येथील याने गंजत नाहीत, झिजत नाहीत. ती लढाईत बुडाली नाहीत, तर काही वर्षांत प्रत्येकाकडे हवे ते यान असेल, कारखान्यांस मागणी उरणार नाही, खाणकामगाराचे खनिज पडून राहील आणि पेठ ओस पडेल. मागणीअभावी बाटल्या जमिनीत पुरून त्या पुन्हा उकरून काढण्याचे उदाहरण केन्सने उपरोधाने दिले होते; ‘न्यू ईडन’मध्ये ते अक्षरशः धोरण म्हणून राबविले जाते. यावरून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. या विश्वाला युद्धापेक्षा दीर्घकाळची शांतता अधिक मारक आहे. बड्या आघाड्या परस्परांशी समझोता करून आपापले प्रदेश राखू लागल्या, की लहानांना वाव उरत नाही, मागणी मंदावते आणि कंटाळलेला खेळाडू मुकाट्याने निघून जातो.

नळ आणि मोऱ्या

चलनाचा प्रश्नही असाच नाजूक आहे. खेळाडूने यंत्रचालित शत्रू मारला, की बक्षीस म्हणून नवे इस्क शून्यातून निर्माण होतात. तो या हौदाचा नळ. बाजारातील कर, दलाली आणि व्यवस्थेकडूनच घ्यावयाच्या वस्तूंची किंमत यांतून इस्क नाहीसे होतात, त्या मोऱ्या. नळ मोठे आणि मोऱ्या लहान असल्या, तर भाववाढ अटळ ठरते. खऱ्या देशात सरकारला निदान किती नोटा छापल्या हे ठाऊक असते. येथे शत्रू मारण्याची नवी क्लृप्ती एखाद्या हुशार खेळाडूने शोधली, की त्याच्याच हातून चलन छापले जाऊ लागते.

२००८ साली कंपनीने ‘प्लेक्स’ नावाची वस्तू खेळात आणली. खऱ्या पैशांनी ती विकत घ्यावयाची. वाटल्यास तिच्या बदल्यात महिन्याची वर्गणी भरावयाची, वाटल्यास खेळातील पेठेत ती इस्कला विकावयाची. ज्याच्याकडे वेळ कमी आणि पैसा जास्त, तो प्लेक्स विकून इस्क मिळवितो. ज्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ भरपूर, तो इस्क कमावून प्लेक्स घेतो आणि विनावर्गणी खेळतो. त्यामुळे चलनाचा चोरटा व्यापार करणाऱ्यांचे कंबरडे बरेचसे मोडले. जपानमधील २०११ चा भूकंप, फिलिपाइन्समधील २०१३ चे वादळ अशा आपत्तींच्या वेळी खेळाडूंनी दिलेले प्लेक्स कंपनीने खऱ्या पैशांत रूपांतरित करून मदतीस पाठविले, हेही नमूद करावयास हवे.

परंतु प्लेक्सची दुसरी बाजू आहे. खेळातील इस्कच्या हिशेबात त्याची किंमत वर्षानुवर्षे अनेक पटींनी वाढत गेली. काही वर्षांपूर्वी महिन्यातील मोजक्या संध्याकाळी खेळून जी वर्गणी भागे, तिच्यासाठी आता कितीतरी अधिक राबावे लागते. जुन्या धनिकाला याची झळ नाही. झळ पोचते ती विद्यार्थ्याला आणि नव्याने आलेल्याला.

भरमसाट उत्पादनास आळा घालण्यासाठी २०१९ च्या अखेरीपासून सुमारे दोन वर्षे कंपनीने खनिजांचा पुरवठा जाणूनबुजून घटविला. टंचाई निर्माण केली म्हणजे साठे संपतील, वस्तूंना किंमत येईल आणि लढायांना अर्थ येईल, असा हा युक्तिवाद होता. तो तर्कशुद्ध असला तरी टंचाईचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे त्यात दुर्लक्षिले गेले. ज्यांची कोठारे आधीच भरलेली होती त्यांच्या मालाचे मोल वाढले. ज्यांना अजून कोठार बांधावयाचे होते त्यांची शिडी लांबली. बड्या यानांचा बांधणीखर्च इतका चढला, की ती लढाईत घालण्यापेक्षा गोदीत जपून ठेवणेच शहाणपणाचे ठरू लागले. म्हणजे ज्या विनाशावर उद्योग चालावयाचा, तोच आखडला.

वार्धक्याची लक्षणे

‘ईव्ह’मध्ये एकाच वेळी उपस्थित असलेल्या खेळाडूंचा उच्चांक ५ मे २०१३ रोजी नोंदला गेला, तो होता ६५,३०३. त्याच वर्षी वर्गणीदारांची संख्या पाच लाखांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले होते. तो उच्चांक पुढे मोडला गेला नाही. नोव्हेंबर २०१६ पासून मर्यादित स्वरूपात विनामूल्य खेळण्याची सोय झाली, त्यामुळे काही काळ गर्दी वाढली. मे २०२२ मध्ये मासिक वर्गणी १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलरवर नेण्यात आली.

या आकड्यांतून जे चित्र दिसते ते वृद्ध होणाऱ्या कोणत्याही समाजाचे आहे. खर्चाचा मोठा भाग स्थिर असतो. सर्व्हर चालवावे लागतात, जुनी संहिता सांभाळावी लागते, तज्ज्ञ पोसावे लागतात. सभासद घटले, की तोच खर्च थोड्यांवर पडतो. दर वाढविले, की कडेला बसलेले आणखी काही उठून जातात. ज्या गावची शाळा मुलांअभावी बंद पडते, त्या गावात पुढे तरुण कुटुंबे राहावयास येत नाहीत, तशातलाच हा प्रकार.

नवागताची अडचण आणखी खोल आहे. ‘ईव्ह’मध्ये कौशल्य वाढते ते घड्याळाच्या गतीने. २००३ मध्ये आलेल्यास २०१५ मध्ये आलेला कितीही धडपडला तरी गाठू शकत नसे. २०१६ च्या फेब्रुवारीत कौशल्याचे गुणही विकत घेण्याची सोय करण्यात आली. त्यामुळे दरी बुजविण्याचा मार्ग उघडला. पण तो पैसेवाल्यांसाठी. शिवाय दमाने मिळविलेल्या अनुभवाची जी प्रतिष्ठा होती, तिला धक्का लागला. नव्यांसाठी दार उघडताना जुन्यांच्या श्रमाचे मोल राखावयाचे, ही कसरत एकट्या या खेळाची नाही. जुन्या विद्यापीठांना, कामगार संघटनांना आणि साहित्य संस्थांनाही ती करावी लागते, आणि फारच थोड्यांना ती साधते.

खेळ कशाने मरतात?

असे असले तरी केवळ माणसे कमी झाली म्हणून खेळ मरतात, असे इतिहास सांगत नाही. १९९७ साली सुरू झालेला ‘अल्टिमा ऑनलाइन’ मूठभर निष्ठावंतांच्या बळावर पाव शतकाहून अधिक काळ तगला. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’चे उदाहरणही तसेच. याच खेळातील कल्पित देशाचे दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यान भरते, असा हिशेब एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडला होता आणि या विषयाच्या अभ्यासाचा पाया घातला होता. यंत्रांचा खर्च काळाबरोबर उतरत गेल्याने लहान वस्तीही परवडू शकते.

कित्येकदा जुनेपण हीच पुंजी ठरते. केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने २००१ पासून चालविलेल्या ‘रुनस्केप’मध्ये मोठे बदल केल्यावर जुने खेळाडू दुरावले. तेव्हा ऑगस्ट २००७ मधील जपून ठेवलेली प्रत बाहेर काढून, लाखो खेळाडूंचा कौल घेऊन, फेब्रुवारी २०१३ मध्ये जुने रूप पुन्हा सुरू करण्यात आले. पुढे त्यात करावयाचे बदलही मतदानाने ठरू लागले आणि हे जुने रूपच नव्यापेक्षा अधिक लोकप्रिय झाले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चालकांनी ऑगस्ट २०१९ मध्ये तोच धडा गिरविला.

याउलट ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला, त्या वेळी त्यात माणसे होती, स्नेहसंबंध होते, वर्गणीही येत होती. निर्णय मालक कंपनीचा होता. खेळाडूंच्या विनवण्यांचा काही उपयोग झाला नाही. सर्व्हरची प्रत काहींनी गुप्तपणे जिवंत ठेवल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये मालकांनीच खेळाडूंच्या एका गटास तो चालविण्याचा रीतसर परवाना दिला. बारा वर्षांपूर्वी जे अशक्य म्हणून सांगितले गेले होते, ते एका परवान्याने शक्य झाले. खेळाचा मृत्यू बहुधा मालकाच्या हिशेबवहीत ठरतो, हा यातला बोध आहे.

राजा आणि प्रजा

‘ईव्ह’च्या इतिहासात मालक व खेळाडू यांचा संघर्ष नवा नाही. २००७ मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या आवडत्या आघाडीस दुर्मिळ आराखडे मिळवून दिल्याचे उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. त्यातून २००८ मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेले सल्लागार मंडळ स्थापन झाले. सदस्यांना रेक्याविकला बोलावून त्यांच्याशी चर्चा करण्याची प्रथा पडली. जगातील फारच थोड्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना एवढा मान दिला असेल.

तथापि मान वेगळा आणि अधिकार वेगळा. २०११ च्या उन्हाळ्यात कंपनीने केवळ मिरविण्याच्या वस्तू खऱ्या पैशांत अवाच्या सवा दराने विकावयास काढल्या. त्यातील एका एकडोळी चष्म्याची किंमत सुमारे ६० डॉलर होती. त्यातच ‘लोभ चांगला आहे काय?’ या मथळ्याचे कंपनीचे अंतर्गत नियतकालिक बाहेर फुटले. संतप्त खेळाडूंनी ‘जिता’मधील स्मारकावर दिवसचे दिवस तोफा डागल्या आणि अनेकांनी वर्गण्या बंद केल्या. सल्लागार मंडळास तातडीने पाचारण करावे लागले. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख हिल्मार वेइगर पेटुरसन यांनी जाहीर क्षमा मागितली, आणि त्याच महिन्यात सुमारे एक पंचमांश कर्मचाऱ्यांना घरी पाठविण्यात आले. प्रजेने राजाला नमविले खरे, पण ते मतपेटीने नव्हे, तर बहिष्काराने. चुकीची किंमत मात्र कर्मचाऱ्यांनी मोजली.

२०१८ मध्ये दक्षिण कोरियातील पर्ल ॲबिस या कंपनीने सीसीपी विकत घेतली. सौद्याची कमाल रक्कम ४२.५ कोटी डॉलर ठरविण्यात आली होती. त्या किमतीत सर्व्हर होते, संहिता होती, नाव होते. पण त्यातील सर्वांत मोलाचा भाग होता तो पंधरा वर्षांत खेळाडूंनी उभारलेला समाज. त्याच्या विक्रीत विकल्या जाणाऱ्यांचे मत विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

विश्वास हेच भांडवल

येथे या प्रश्नाचा गाभा येतो. २००९ मध्ये खेळाडूंनीच चालविलेल्या एका पेढीच्या प्रमुखाने ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज इस्क उचलले आणि ते बाहेर खऱ्या पैशांना विकले. खेळाच्या नियमांत चोरीला शिक्षा नाही. त्याची हकालपट्टी झाली ती बाहेर विक्री केल्याबद्दल. परंतु बातमी पसरताच ठेवीदारांची रीघ लागली आणि पेढी खिळखिळी झाली. उद्या पैसे मिळतील हा विश्वास आहे तोवरच पेढी उभी असते.

हेच तत्त्व संपूर्ण खेळाला लागू आहे. महिनोन्‌महिने खपून एखादी आघाडी टायटन का बांधते? पुढील वर्षी, त्याच्या पुढील वर्षी ते उपयोगी पडेल म्हणून. नवा माणूस कौशल्य शिकण्यात दोन वर्षे का घालवितो? तिसरे वर्ष येणार आहे म्हणून. खेळ दोन वर्षांनी बंद होणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी आज यान बांधणे मूर्खपणाचे ठरेल. यान बांधले जाणार नाही म्हणून खनिजाची मागणी आटेल. साठविलेले प्लेक्स जो तो घाईने वापरू लागेल, आणि दोन वर्षांनंतरचे मरण दोन महिन्यांत ओढवेल. साठविलेले प्लेक्स म्हणजे वस्तुतः कंपनीने दिलेल्या वचनचिठ्ठ्याच आहेत. सेवा पुढे मिळेल या भरवशावर लोकांनी त्यांचे पैसे आधीच भरले आहेत. म्हणून ‘हा खेळ कायम चालेल’ ही घोषणा केवळ जाहिरात नाही. मध्यवर्ती बँकेने चलनामागे उभे केलेल्या हमीसारखे तिचे काम आहे.

आणि हमी नुसत्या शब्दांची असून चालत नाही. कंपनीने मार्च २०२३ मध्ये एका नव्या खेळासाठी बाहेरून ४ कोटी डॉलरचे भांडवल उभारल्याचे जाहीर केले. त्याआधी ‘डस्ट ५१४’ हा तिचा दुसरा खेळ तीन वर्षांच्या आतबाहेर चालून २०१६ मध्ये बंद पडला होता. नव्या उद्योगांत पैसा घालण्याचा मालकाचा अधिकार कोणी नाकारणार नाही. परंतु जुन्या खेळाच्या मिळकतीवर नवे मनोरे रचले जातात तेव्हा जुन्यातील रहिवाशांच्या मनात शंका येणारच. ती दूर करावयाची, तर शब्दांमागे काही बंधने स्वतःहून स्वीकारावी लागतात.

गमावण्यासारखे काय आहे?

हे सारे अखेर एका करमणुकीपुरतेच आहे, मग एवढा खल कशासाठी, असे विचारले जाईल. सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकन वकिलातीवर झालेल्या हल्ल्यात शॉन स्मिथ हा अधिकारी मारला गेला. खऱ्या आयुष्यात परराष्ट्र खात्यात काम करणारा हा मनुष्य ‘ईव्ह’मध्येही एका मोठ्या आघाडीचा मुत्सद्दी म्हणून विख्यात होता. त्याच्या मृत्यूनंतर मित्रांनी आणि शत्रूंनीही आपल्या अनेक अंतराळस्थानकांना त्याचे नाव दिले. ‘मोलिआ’ नावाच्या सूर्यमालेत खेळाडूंनी दिवंगतांसाठी दफनभूमी राखली आहे. २०१४ मध्ये रेक्याविकच्या बंदरावर खेळाडूंची नावे कोरलेले खरेखुरे स्मारक उभे राहिले. पेशींची छायाचित्रे वर्गीकृत करण्याच्या आणि दूरच्या ग्रहांचा शोध घेण्याच्या शास्त्रीय कामात खेळाडूंनी खेळाच्या द्वाराच हातभार लावला आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. पण तो मांडावयाचा कसा, हा पेच पडला आणि खेळाडूंच्या एका दिवसाच्या चित्रणावरून तयार केलेली फीत दाखवून वेळ निभावावी लागली. संहिता कपाटात जपता येते. समाज जपता येत नाही. तो चालू ठेवावा लागतो, नाहीतर संपतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र खेळाडूच्या हाती काहीच नाही. यान, इस्क, नाव, सारे कंपनीचे; खेळाडूस केवळ मागे घेता येण्याजोगी वापराची परवानगी. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा पैसे मोजून घेतलेला खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा विकत घेतलेली वस्तू हातात असून निरुपयोगी झाली. त्या संतापातून युरोपीय संघाकडे नागरिकांचा अर्ज गेला आणि जुलै २०२५ पर्यंत त्यावरील सह्या दहा लाखांवर गेल्या. ग्राहक वस्तू घेत नसून परवाना घेतो आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितलेच पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. भारतातील तरुणांनाही हा अनुभव अपरिचित नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी’वर बंदी आली तेव्हा कारण सुरक्षिततेचे होते, कंपनीच्या नफ्याचे नव्हते, पण पैसे मोजून घेतलेले एका आदेशासरशी नाहीसे होऊ शकते, हे त्या दिवशी घरोघरी कळले.

काय करता येईल?

कंपन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तोट्यातला सर्व्हर अनंतकाळ चालवा, असे कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. संहितेत इतरांच्या मालकीचे भाग असतात. ती उघड केल्यास सुरक्षिततेचे प्रश्न निर्माण होतात. म्हणून मागणी कायम चालविण्याची असू नये. मागणी असावी ती नीट बंद करण्याच्या कर्तव्याची. बंद करण्यापूर्वी पुरेशी सूचना द्यावी. सूचनेनंतर नवी विक्री थांबवावी. न वापरलेल्या वर्गणीचा परतावा द्यावा. आणि मालकास खेळ नको असेल, तर ना-नफा तत्त्वावर तो चालवू पाहणाऱ्यांस परवाना द्यावा. ‘सिटी ऑफ हीरोज’च्या बाबतीत हे घडले आहे, तेव्हा ते अव्यवहार्य म्हणता येणार नाही.

‘ईव्ह’च्या चालकांना तर याहून पुढे जाता येईल. प्लेक्सच्या विक्रीतील काही हिस्सा वेगळ्या विश्वस्त निधीत ठेवावा, जेणेकरून मालक बदलला वा बुडाला तरी काही वर्षे सर्व्हर चालू राहील. यंत्रसामग्रीसाठी घसारा निधी ठेवणे कोणत्याही गिरणीस चुकत नाही; मग समाजासाठी तो ठेवण्यास हरकत कोणती? संहितेची प्रत त्रयस्थाकडे अनामत ठेवावी. खेळातील अर्थव्यवस्थेचे अहवाल आजवर ज्या मोकळेपणाने प्रसिद्ध झाले, तो मोकळेपणा सभासदसंख्येबाबतही दाखवावा. आणि निवडून आलेल्या सल्लागार मंडळास चलन, वर्गणी व मालकीबदल या तीन विषयांत तरी केवळ ऐकून घेण्याचा नव्हे, तर पूर्वसूचनेचा व लेखी उत्तराचा हक्क द्यावा.

यात मालकाचे नुकसान आहे असे मानणे हा अदूरदर्शीपणा ठरेल. भवितव्याची हमी जेवढी पक्की, तेवढी आजची गुंतवणूक अधिक. ज्याला उद्याची खात्री आहे तोच आज यान बांधतो आणि वर्गणी भरतो. खेळ कायमचा चालेल असे सांगणाऱ्यांनी, तो आपल्यावाचूनही चालू शकेल अशी तरतूद प्रथम करून दाखवावी. तशी तरतूद होईपर्यंत ‘न्यू ईडन’चे हजारो रहिवासी आपल्या घरात भाडेकरूच राहणार आहेत, आणि वीस वर्षे राबून उभारलेल्या त्या घराची चावी दुसऱ्याच्या खिशात राहणार आहे.